वैयक्तिक कार्यसांख्यिकी साधन

वैयक्तिक कार्यसांख्यिकी साधन म्हणजे एखाद्या व्यक्तीने ठरावीक कालावधीत पूर्ण केलेल्या व तिच्याकडे प्रलंबित राहिलेल्या कामांची आकडेवारी मिळवून देणारी संगणकप्रणाली होय. असे साधन सहसा स्वतः कामांची यादी ठेवत नाही. यादी ठेवणाऱ्या उपयोजनातील नोंदी मागवून त्यांचा गोषवारा मांडते. टुडूइस्ट या उपयोजनाची उत्पादकता आकडेवारी मिळवणारी साधने हे या प्रकाराचे परिचित उदाहरण आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत हेच काम कार्यविवरण नोंदवही कागदावर करत आली आहे.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने काम पूर्ण झाल्याची खूण केली की उपयोजनात त्या क्षणाची तारीख व वेळ नोंदली जाते. सांख्यिकी साधन उपयोजनाच्या सर्व्हरकडे विनंती पाठवते. विनंतीसोबत वापरकर्त्याची ओळख पटवणारे सांकेतिक टोकन जोडावे लागते. सर्व्हरकडून आलेल्या उत्तरातील आकडे दिवसनिहाय, आठवडानिहाय किंवा प्रकल्पनिहाय मांडले जातात. आकडेवारी पाहण्यासाठी केवळ वाचनाची परवानगी पुरेशी असते. नोंदी बदलण्याची परवानगीही दिल्यास टोकन इतरांच्या हाती पडताच संपूर्ण यादी धोक्यात येते.

गणना करताना दोन बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली बाब वेळेची. अनेक सर्व्हर जागतिक समन्वित वेळेनुसार नोंद ठेवतात व भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. त्यामुळे कोल्हापुरात पहाटे ५ वाजता पूर्ण केलेले काम, वेळेचे रूपांतर न केल्यास, आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होते. दुसरी बाब पुनरावर्ती कामांची. दर महिन्याचे वीजबिल भरण्यासारखे काम पूर्ण झाले तरी यादीतून जात नाही, त्याची केवळ तारीख पुढे सरकते. अशी कामे मोजण्यासाठी यादीऐवजी घडामोडींची नोंद तपासावी लागते.

टुडूइस्टमधील आकडेवारी

अमीर सालिहेफेंदिच यांनी २००७ साली सुरू केलेल्या टुडूइस्टमध्ये एकूण पूर्ण कामे, गेल्या सात दिवसांचे व चार आठवड्यांचे आकडे, दैनिक व साप्ताहिक उद्दिष्टे आणि उद्दिष्ट सलग किती दिवस साधले, ही माहिती मिळते. ‘कर्मा’ नावाची गुणपद्धतीही त्यात आहे. कामे पूर्ण केल्यावर गुण वाढतात, तर चार किंवा अधिक दिवस मुदत उलटलेल्या कामांमुळे ते घटतात. सुट्टीच्या काळात सलगता मोडू नये यासाठी वेगळी सोय असून ही गुणपद्धती पूर्णपणे बंदही करता येते.

महाराष्ट्रातील कार्यविवरण नोंदवही

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत प्रत्येक संकलनाचा कारकून कार्यविवरण नोंदवही ठेवतो. आलेला संदर्भ, तो मिळाल्याची तारीख, केलेली कार्यवाही आणि निर्गतीची तारीख तिच्यात लिहिली जाते. आठवड्याच्या गोषवाऱ्यात आरंभीची शिल्लक, नव्याने आलेली प्रकरणे, निर्गत प्रकरणे व अखेरची शिल्लक दाखवून तो वरिष्ठांपुढे ठेवतात. शिल्लक प्रकरणे किती काळ पडून आहेत, याची विभागणी हे या गोषवाऱ्याचे वैशिष्ट्य आहे.

या पद्धतीला पुढे कायद्याचा आधार मिळाला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व शासकीय कामातील विलंब यांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे अपेक्षित आहे. इतर विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणासाठी ४५ दिवसांची, तर तशी गरज असलेल्या प्रकरणासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कोल्हापूर जिल्हा ज्या पुणे महसूल विभागात येतो, तेथे २०१७ च्या सुमारास तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेन्डन्सी’ मोहीम राबवली. साचलेली प्रकरणे निकाली काढणे व रोजचे काम रोज संपवणे ही तिची दोन सूत्रे होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ई-ऑफिस प्रणालीत नस्ती कोणाकडे व किती दिवस आहे, याचा अहवाल संगणकावरच मिळतो.

मर्यादा

पूर्ण कामांची संख्या म्हणजे कामाचे मोल नव्हे. पोहोच देण्याचे पत्र आणि जमिनीच्या वारसनोंदीचा वाद, दोन्ही गणनेत एकेकच भरतात. संख्येलाच उद्दिष्टाचे रूप दिले, की सोपी कामे आधी उरकण्याचा किंवा एका कामाचे अनेक तुकडे पाडण्याचा मोह होतो.

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या तहसील कार्यालयात एका संकलनाची आरंभीची शिल्लक ४० होती, आठवड्यात २५ प्रकरणे आली व ३० निर्गत झाली. अखेरची शिल्लक ३५ होते आणि कामगिरी चांगली दिसते. मात्र त्या ३५ पैकी ५ प्रकरणे तीन महिन्यांहून जुनी असतील, तर त्या पाच अर्जदारांच्या दृष्टीने या आठवड्यात काहीच घडलेले नसते. म्हणून किती कामे पूर्ण झाली या आकड्यासोबत सर्वांत जुने प्रलंबित काम किती दिवसांचे आहे, हा आकडाही दाखवणारी आकडेवारी अधिक उपयुक्त ठरते.

अशा नोंदींवरून व्यक्तीची दिनचर्या, कामाच्या वेळा व सवयी कळू शकतात. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा नियोजनासाठी पाहिलेले आकडे वरिष्ठांच्या हाती गेल्यास ते देखरेखीचे साधन बनू शकतात. भारतात संगणकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र अधिनियम संमत झाला आहे.