सगळीकडे वाजणारी फाइल

जून २०२०. शाळांना कुलपं होती आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या अनेक मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. त्या वेळी नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरातून चालणाऱ्या ‘रेडिओ विश्वास’ (९०.८ एफएम) या सामुदायिक केंद्राने तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम सुरू केला. सुमारे दीडशे शिक्षकांनी स्टुडिओत येऊन पाठ ध्वनिमुद्रित केले. विषयवार वेळा ठरल्या आणि जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शाळांतल्या पन्नास-साठ हजार मुलांपर्यंत ते पोचले. पाठ राज्यातल्या इतर सामुदायिक केंद्रांनाही दिले गेले. इगतपुरी तालुक्यात शिक्षकांनी एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथ असलेले ४५१ संच मुलांना दिले.

यातला ‘यूएसबी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पेनड्राइव्ह खोचला की वाजणारा कोणताही स्वस्त स्पीकर घ्या, त्यातली चिप एमपी-थ्री हमखास ओळखते. जुन्या मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲपवर आलेला आवाज मात्र त्या स्पीकरवर बहुधा वाजत नाही, कारण त्याचं फॉरमॅट, म्हणजे आवाज साठवण्याची पद्धत, वेगळं असतं. आवाज तोच, माणूस तोच, तरी यंत्र गप्प. हा गप्पपणा संगणकाबरोबर आला असं अनेकांना वाटतं, पण तो त्याहून खूप जुना आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने कोलकात्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्यानंतर भारतात ध्वनिमुद्रिकांचा बाजार उभा राहिला आणि लगेच दोन घराणी पडली. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीत सुई खाचेत डावी-उजवीकडे हलायची. फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या तबकडीत ती वर-खाली हलायची, शिवाय तिला पोलादी सुईऐवजी नीलमण्याचं गोल टोक लागायचं. एका कंपनीची तबकडी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर धड वाजत नसे. कोलकात्याचे हेमेंद्रमोहन बोस तर मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करत. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांची मुद्रणं पाथेच्या तबकड्यांवर उतरवली गेली. रवींद्रनाथांच्या आवाजातलं ‘वंदे मातरम्’ आज ऐकता येतं ते या मार्गाने आलेलं. आपल्याकडचं फॉरमॅट बदलण्याचं हे अगदी आरंभीचं काम म्हणायला हवं, आणि ते झालं नसतं तर तो आवाज मेणाबरोबरच गेला असता.

तबकडीचा वेगही सुरुवातीला पक्का नव्हता. सगळे ‘७८ आरपीएम’ म्हणतात खरे, पण विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या तबकड्या मिनिटाला सत्तर ते ऐंशी फेऱ्यांच्या मधल्या कोणत्याही वेगाने कोरलेल्या सापडतात. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने फिरवली की काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी दोनच्या जवळ जातं आणि लयही चढते. जुनं नाट्यसंगीत डिजिटल करणाऱ्याने वेग न तपासता तबकडी फिरवली, तर पुढच्या पिढ्या त्या गायकाला कायम चढ्या पट्टीतच ऐकणार. म्हणून उतरवणाऱ्याचा कान यंत्राइतकाच महत्त्वाचा. द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा, आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. आजच्या बहुतेक रसिकांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलंच नाही. तबकड्या आणि रेडिओच्या फिती कुणी तरी जपून पुढे उतरवल्या म्हणून ते आपले गायक राहिले.

कॅसेटचं वेगळं झालं. फिलिप्सने १९६३ मध्ये ती आणली आणि नंतर इतर कंपन्यांना ती बनवायचा परवाना विनामूल्य दिला. या सगळ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णय हाच. आवाजाच्या दर्जात मोठ्या फितीचं यंत्र कॅसेटच्या कितीतरी पुढे होतं. पण कॅसेट कुणीही बनवू शकत होतं, आणि एका घरात भरलेली कॅसेट जगातल्या कोणत्याही टेपरेकॉर्डरवर वाजत होती. कीर्तन, भारूड, लग्नातली गाणी, आजीच्या ओव्या हे सगळं घरच्या घरी साठवण्याची सोय मराठी माणसाला पहिल्यांदा तिने दिली. गंगापूर रोडनेच धरणाकडे निघालं की ज्ञानगंगोत्रीचा परिसर लागतो. तिथलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, म्हणजे ऐन कॅसेटच्या काळात. दूर गावातल्या विद्यार्थ्याला ऐकायचा पाठ पाठवायचा तर याहून सोपं साधन तेव्हा नव्हतं.

संगणकावर मात्र पुन्हा घराणी पडली. विंडोजमधली वेव्ह फाइल १९९१ ची. तिच्यात आवाज जसाच्या तसा, पण सीडीच्या दर्जाचं एक मिनिट दहा एमबीच्या आसपास जागा घ्यायचं. म्हणून आवाज आवळण्याच्या पद्धती आल्या. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाला न जाणवणारे आवाज वगळण्याचं तंत्र घडवलं, आणि त्यातून एमपी-थ्री आलं. त्याचं मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं, तर ‘डॉट एमपी-थ्री’ हे शेपूट १९९५ मध्ये ठरलं. दहा एमबीचं मिनिट आता एका एमबीत मावायला लागलं. त्याच वर्षी रिअलऑडिओ आलं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तेव्हा परदेशातल्या अनेकांनी गाणी ऐकली ती याच फॉरमॅटमध्ये. चालवायला त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर लागायचं, आणि ते मागे पडलं तशा त्या फाइलीही मुक्या झाल्या. मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएमए काढलं. मोबाइलवाल्यांनी एएमआर घेतलं.

एएमआरपाशी थांबायला हवं, कारण घरोघरच्या आजी-आजोबांचे आवाज त्यातच अडकले आहेत. हे फॉरमॅट फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेलं. साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही ते ठेवतच नाही, म्हणून मिनिटाची फाइल नव्वद केबीत बसते. ‘स’ आणि ‘श’ यांचा सळसळता भाग बराचसा त्या मर्यादेच्या वर असतो. जुन्या मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगात ही अक्षरं बोथट ऐकू येतात ती त्यामुळे. अशी फाइल एमपी-थ्री केली की ती सगळीकडे वाजते, पण गेलेला ‘स’ परत येत नाही. एमपी-थ्रीचं पुन्हा एमपी-थ्री केलं की दर खेपेला आणखी थोडं गळतं. नुसतं फाइलचं शेपूट बदलून तर काहीच होत नाही, आतला मजकूर तोच राहतो. तो खरोखर बदलायचा तर व्हीएलसी किंवा ऑडासिटीसारखं मोफत साधन लागतं. एएमआर आणि डब्ल्यूएमएसाठी ऑडासिटीला एफएफएमपेगची जोड द्यावी लागते.

एमपी-थ्रीही बराच काळ मोकळं नव्हतं. त्यावर पेटंटं होती. त्यामुळे ऑडासिटीत एमपी-थ्री बनवायचं तर लेम नावाचा भाग वेगळा उतरवून घ्यावा लागे. एप्रिल २०१७ मध्ये त्याचा परवाना-कार्यक्रम संपला आणि एमपी-थ्री खऱ्या अर्थाने सर्वांचं झालं. त्याआधीच २०१२ मध्ये ओपस हे खुलं मानक आलं होतं. तेवढ्याच जागेत ते एमपी-थ्रीपेक्षा चांगला आवाज देतं, आणि व्हॉट्सॲपवरचा आवाज त्यातच येतो. तरी गाडीतल्या, देवळातल्या, शाळेतल्या यंत्रांत एमपी-थ्रीच आहे. ज्या फॉरमॅटची यंत्रं गावोगाव पोचलेली असतात ते टिकतं. कॅसेटचंही असंच झालं होतं.

जपण्याचा हिशेब मात्र वेगळा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. ते गुरुग्रामच्या संग्रहात गेलं, पुढे फ्रान्समधल्या संग्रहात, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाच्या माध्यमातून सर्वांना ऐकता येऊ लागलं. या स्थलांतरांत ओव्या हरवल्या नाहीत, कारण प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं आणि तिच्या गावाचं नाव नोंदलेलं होतं.

घरच्या फाइलींना ही नोंद क्वचितच असते. एमपी-थ्रीची जुनी माहितीपट्टी, १९९६ ची, शीर्षकाला फक्त तीस बाइट देते. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून दहा चिन्हं. नंतरच्या आवृत्त्यांत पूर्ण नाव मावतं. त्याहून मोठी अडचण तारखेची: फॉरमॅट बदललं की नव्या फाइलवर बदलल्या दिवसाची तारीख पडते, रेकॉर्डिंगची नाही. म्हणून बदलण्याआधीच फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव लिहावं. मूळ फाइल, मग ती वाजो न वाजो, वेगळ्या डिस्कवर तशीच ठेवावी. कॅसेट असेल तर ती आधी वेव्हमध्ये उतरवावी, जमल्यास ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, आणि तिच्यावरून वाटण्यापुरती एमपी-थ्री काढावी. पुढे नवं फॉरमॅट आलं तर नवी प्रत त्या वेव्हवरूनच काढता येईल.