संघ निवडायचा कोणी?

१ ऑक्टोबर १९६०, शनिवार. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक फुटबॉल क्लबाचा संघ एअर्ड्री येथे सामना खेळण्यासाठी बसने निघाला होता. वाटेत एका बसथांब्यावर विली गोल्डी नावाचा तरुण गळ्यात हिरवा-पांढरा मफलर गुंडाळून उभा असलेला दिसला. हा क्लबाच्या राखीव संघातील गोलरक्षक. त्या दिवशी त्याची निवड झालेली नव्हती. एखाद्या साध्या प्रेक्षकासारखा तो आपल्या संघाला प्रोत्साहन द्यायला निघाला होता. क्लबाचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी बस थांबवून त्याला आत घेतले. त्याची निष्ठा पाहून ते इतके गहिवरले, की आज गोलात हाच उभा राहील असे त्यांनी तेथल्या तेथे ठरवून टाकले. सेल्टिकने तो सामना ०–२ असा गमावला आणि गोल्डीला पहिल्या संघातून पुन्हा कधीही खेळायला मिळाले नाही.

संघाला व्यवस्थापक नव्हता असे नाही. जिमी मॅकग्रोरी हे त्या पदावर १९४५ पासून होते. परंतु अकरा खेळाडू कोण, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नावापुरताच होता. संघ निवडायचा तो अध्यक्षांनी, आणि पराभवाची उत्तरे द्यायची ती व्यवस्थापकांनी, अशी तेथील रीत झाली होती. ज्यांनी आपल्याकडील एखाद्या शाळेच्या किंवा पतपेढीच्या कारभारी मंडळावर चार वर्षे काढली आहेत, त्यांना ही रीत अगदीच परकी वाटणार नाही.

सेल्टिकची कथा आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते, कारण हा क्लब एका चर्चच्या सभागृहात जन्मला. १८४० साली आयर्लंडमधील बॅलीमोट येथे जन्मलेले अँड्र्यू केरिन्स हे मरिस्ट बंधुसंघात दाखल झाले आणि ब्रदर वॉलफ्रिड या नावाने ग्लासगोच्या पूर्व भागात शाळा चालवू लागले. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिश कॅथॉलिक कुटुंबांची ही वस्ती. पोटात अन्न नसलेली मुले शाळेत टिकत नाहीत, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. एडिंबरोमध्ये कॅनन एडवर्ड हॅनन यांच्या प्रेरणेने १८७५ साली स्थापन झालेल्या हायबर्नियन क्लबाने १८८७ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला, तेव्हा वॉलफ्रिड यांच्या मनात विचार आला, की असा संघ आपणही उभा केला तर तिकिटांच्या पैशातून मुलांच्या जेवणाची सोय होईल. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या तीन धर्मग्रामांतील शाखांनी चालवलेल्या गरीब मुलांच्या भोजनाला मदत करणे, हा क्लबाचा जाहीर केलेला हेतू होता.

ब्रदर वॉलफ्रिड यांची १८९२ साली त्यांच्या वरिष्ठांनी लंडनला बदली केली. व्रतस्थ माणूस, आज्ञा आली तसे निघून गेले. त्यांच्यामागे पाचच वर्षांत, १८९७ मध्ये, क्लबाचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. भागधारकांना लाभांश मिळू लागला आणि मुलांच्या भोजनाचा वाटा मागे पडला. कंपनी केली नसती तर क्लब टिकला नसता, असे समर्थन करणारे तेव्हाही होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. मात्र धर्मग्रामाच्या मालकीची वाटणारी वस्तू मोजक्या घराण्यांच्या हाती गेली, हेही तितकेच खरे. व्हाइट, केली आणि ग्रँट ही ती घराणी. पुढील जवळजवळ शंभर वर्षे संचालक मंडळातील खुर्च्या या घरांतच फिरत राहिल्या.

त्याच १८९७ साली विली मेली यांची वर्षाला १५० पौंड पगारावर चिटणीस आणि व्यवस्थापक अशा दुहेरी पदावर नेमणूक झाली. हे ‘चिटणीस’ पद ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळच्या व्यवस्थापकाने पत्रव्यवहार पाहावा, प्रवासाची सोय करावी, खेळाडू हेरावेत. त्याने मैदानावर उतरून डावपेच शिकवावेत अशी कोणाची अपेक्षा नसे. मेली सामना सभ्य पोशाखात प्रेक्षागारातून पाहत. तरी त्यांचा दरारा मोठा होता. त्यांच्या कारकिर्दीत सेल्टिकने १९०५ ते १९१० अशी सलग सहा वर्षे अजिंक्यपद पटकावले. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोला गेले, तेव्हा पायाला केवळ पट्ट्या बांधून अनवाणी खेळणाऱ्या या भारतीयाला सेल्टिकचा पोशाख चढवायला मिळाला, तोही मेली यांच्याच अमदानीत.

परंतु मेली किती स्वतंत्र होते, हे पाहायचे असेल तर १९२८ सालचा प्रसंग पाहावा. मॅकग्रोरी तेव्हा संघाचे सर्वांत नामांकित गोल करणारे खेळाडू होते आणि अत्यंत श्रद्धाळू कॅथॉलिक होते. मेली आणि ते दोघे लूर्द्झच्या यात्रेला निघाले. लंडनमध्ये आर्सेनल क्लबाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन त्यांची वाट पाहत उभे! सेल्टिकच्या मंडळाला पैसा हवा होता आणि मॅकग्रोरींना विकण्याचा बेत आधीच शिजला होता. मॅकग्रोरींनी नम्रपणे नकार दिला. यात्रा आटोपून परतताना चॅपमन पुन्हा भेटले, पुन्हा नकार. सहकाऱ्यांना आठवड्याला नऊ पौंड मिळत असताना आपल्याला आठच मिळतात, हे मॅकग्रोरींना पुढे कळले. न गेल्याचा हा दंड. त्यांनी तो निमूटपणे सोसला. या प्रसंगात दोन व्यवस्थापक समोरासमोर उभे आहेत, आणि मला त्यांतील फरक फार बोलका वाटतो. चॅपमन स्वतःचा संघ बांधण्यासाठी खेळाडू मागत होते. मेली मंडळाचा निरोप्या म्हणून आपला उत्तम खेळाडू पोहोचवायला आले होते.

मेली यांनाही शेवटी मंडळाची धग लागलीच. क्लबाला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्यांना मोठा गौरवनिधी देण्यात आला, पण त्यावरील कर कोणी भरायचा यावरून वाद पेटला. १९४० साली, बेचाळीसहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर, ते कडवट मनाने बाहेर पडले.

रॉबर्ट केली १९४७ मध्ये अध्यक्ष झाले. क्लबाच्या पहिल्या कर्णधाराचे, जेम्स केली यांचे, हे चिरंजीव. त्यांना केवळ हट्टी धनी म्हणून रंगवणे अन्यायाचे ठरेल. १९५२ साली स्कॉटिश फुटबॉल संघटनेने सेल्टिकच्या मैदानावरील आयर्लंडचा ध्वज उतरवण्याचा आदेश दिला, तेव्हा क्लबावर बंदी येण्याचा धोका पत्करून केली ठाम राहिले. आश्चर्य म्हणजे हाडवैरी रेंजर्सनेही त्या वादात सेल्टिकचीच बाजू घेतली. पुढे १९६८ मध्ये रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हा पूर्व युरोपातील संघांशी खेळण्यास विरोध करण्यात केली अग्रभागी होते आणि स्पर्धेची सोडत नव्याने काढावी लागली. असा बाणेदार माणूस. मात्र शनिवारचा संघ निवडण्याचा मोह त्यांना आवरत नव्हता. आज घातलेला खेळाडू उद्या बाहेर, परवा दुसऱ्याच जागी. १९५७ साली रेंजर्सला ७–१ असे हरवून लीग चषक मिळवल्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ सेल्टिकच्या हाती एकही मोठा चषक लागला नाही.

आता जॉक स्टीन यांच्याकडे वळू. लॅनार्कशायरच्या कोळसा खाणीत त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. घराणे प्रॉटेस्टंट, वडील रेंजर्सचे चाहते. १९५१ मध्ये ते सेल्टिकमध्ये आले, तेव्हा काही जुन्या मित्रांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. कर्णधार म्हणून १९५४ साली त्यांनी लीग आणि चषक दोन्ही मिळवून दिले. घोट्याच्या दुखापतीने खेळ संपल्यावर केलींनीच त्यांना राखीव संघाचे प्रशिक्षक केले. परंतु कॅथॉलिकांच्या या क्लबात प्रॉटेस्टंट माणसाला याहून वरची पायरी नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९६० मध्ये ते डन्फर्मलिनला गेले. पुढच्याच वर्षी त्या लहानशा क्लबाने स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत हरवले ते सेल्टिकलाच.

१९६५ च्या आरंभी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनकडून स्टीन यांना विचारणा झाली आणि ते केलींचा सल्ला घ्यायला आले. सल्ला हे निमित्त असावे. मनातले दोघांनाही ठाऊक होते. केलींच्या मनात मॅकग्रोरींचे वारस म्हणून शॉन फॅलन यांचे नाव होते. त्यांनी आधी स्टीन यांना फॅलन यांच्या हाताखालची जागा देऊ केली, मग दोघांना बरोबरीचे व्यवस्थापक करण्याची तयारी दाखवली. स्टीन यांनी दोन्ही नाकारले. संघाचा कारभार पूर्णपणे माझ्याकडे असेल तरच येईन, ही त्यांची अट. केलींनी ती मान्य केली. अठरा वर्षे हाती धरलेली सत्ता त्यांनी आपण होऊन सोडली, आणि सोडली ती परधर्मीय नव्हे तरी परपंथीय माणसाच्या हाती. आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. परंतु रेंजर्स कॅथॉलिक खेळाडूला जाणूनबुजून दूर ठेवत, अशा शहरातील ही गोष्ट आहे. फॅलन यांचाही मोठेपणा असा, की हातातोंडाशी आलेले पद गेल्यावर ते रुसून बसले नाहीत. स्टीन यांचे सहायक म्हणून त्यांनी मनापासून काम केले.

मार्च १९६५ मध्ये स्टीन रुजू झाले. बॉबी मर्डॉक हा आक्रमक फळीतला खेळाडू. त्याला स्टीन यांनी मधल्या फळीत आणले. तो तेथला खेळाडू नव्हे, असे केलींनी म्हटल्यावर, शनिवारी पाहालच, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाल्याचे सांगतात. २४ एप्रिल १९६५ रोजी सेल्टिकने डन्फर्मलिनचा ३–२ असा पराभव करून स्कॉटिश चषक जिंकला. त्यानंतर १९६६ ते १९७४ अशी सलग नऊ वर्षे लीग विजेतेपद. आणि मध्ये २५ मे १९६७ चा तो दिवस. त्या वर्षी ख्रिस्तशरीराचा सण त्याच गुरुवारी आला होता. लिस्बनच्या मैदानावर इंटर मिलानने सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. गेमेल आणि चामर्स यांनी उत्तर दिले, आणि युरोपीय चषक प्रथमच ब्रिटनमधील क्लबाने उचलला. अकराही खेळाडू सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले! यांतील बरेचसे मॅकग्रोरींच्या काळातच क्लबात आले होते. माणसे तीच होती, निवडणारा बदलला होता.

मंडळ त्यामुळे निष्प्रभ झाले असे समजू नये. १९६७ च्या नोव्हेंबरात रेसिंग क्लबाविरुद्ध माँटेव्हिडिओत झालेल्या सामन्यात मारामारी झाली, तेव्हा केलींच्या मंडळाने आपल्याच प्रत्येक खेळाडूला २५० पौंड दंड केला. अकरा जण कोण ते व्यवस्थापक ठरवील. क्लबाचे नाव कसे राखायचे ते अध्यक्ष ठरवील, अशी वाटणी या दोघांत झाली होती. ती कोठेही लिहिलेली नव्हती आणि हाच तिचा दुबळेपणा होता. केली १९७१ मध्ये वारले आणि डेस्मंड व्हाइट अध्यक्ष झाले.

१९७५ च्या उन्हाळ्यात मोटार अपघातात स्टीन जबर जखमी झाले. वर्षभराने परतून त्यांनी १९७७ मध्ये पुन्हा लीग आणि चषक जिंकले, पण त्याच ऑगस्टमध्ये केनी डॅलग्लिश ४,४०,००० पौंडांना लिव्हरपूलला गेला आणि पुढील मोसमात संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. १९७८ मध्ये मंडळाने व्यवस्थापकपद बिली मॅकनील यांना दिले. दहा लीग, आठ स्कॉटिश चषक, सहा लीग चषक आणि एक युरोपीय चषक, असे पंचवीस चषक आणून देणाऱ्या माणसाला देऊ केले ते संचालकपद, आणि काम कोणते? क्लबाचा सोडतनिधी आणि व्यापारी व्यवहार सांभाळण्याचे! मंडळाला हा सन्मान वाटला असेल, स्टीन यांना तो अपमान वाटला. ते लीड्सला गेले, ४४ दिवसांतच स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडे आले, आणि १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धचा सामना संपता संपता कोसळून मैदानालगतच त्यांनी देह ठेवला.

मॅकनील यांचा अनुभव निराळा नव्हता. सतत यश मिळवूनही अ‍ॅबरडीन आणि डंडी युनायटेडच्या व्यवस्थापकांपेक्षा त्यांचा पगार कमी होता. वाढ मागितली ती मिळाली नाही, आणि १९८३ मध्ये ते मँचेस्टर सिटीकडे गेले. १९८७ मध्ये त्यांनाच परत बोलवावे लागले.

घराण्यांचा कारभार संपला तो मार्च १९९४ मध्ये. बँकेने कर्जवसुलीचा बडगा उगारला आणि क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा तरुणपणी क्रॉय गावच्या समर्थकांची बस चालती ठेवणारे आणि पुढे कॅनडात पैसा मिळवलेले फर्गस मॅकॅन यांनी क्लब घेतला. समभाग सामान्य चाहत्यांना विकले, साठ हजारांचे मैदान उभारले. परंतु जुना प्रश्न त्यांनाही सुटला नाही. ९ मे १९९८ रोजी विम यान्सन यांनी दहा वर्षांनंतर लीग जिंकून दिली. दोनच दिवसांनी त्यांनी पद सोडले, कारण मॅकॅन यांनी नेमलेले सरव्यवस्थापक जॉक ब्राउन यांच्याशी त्यांचे पटत नव्हते. ऑगस्टमध्ये विजयध्वज फडकवायला मॅकॅन मैदानात आले, तेव्हा ज्यांचा क्लब त्यांनी वाचवला त्या चाहत्यांनीच त्यांची हुर्यो उडवली. ठरल्याप्रमाणे १९९९ मध्ये ते आपला हिस्सा विकून निघून गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये तोच ध्वज फडकवायला क्लबाने त्यांना पुन्हा बोलावले, आणि या वेळी सारे मैदान टाळ्यांनी दुमदुमले.