बोटीच्या इंजिनाचा रंग टिकत का नाही? स्टर्नड्राइव्ह आणि आउटबोर्ड रंगवण्याची पूर्ण माहिती

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. जोराचा पाऊस झाला की पर्लकोटेवरचा जुना, कमी उंचीचा पूल पाण्याखाली जातो आणि शंभराहून जास्त गावांचा संपर्क तुटतो, ही बातमी तुम्ही अनेक पावसाळ्यांत वाचली असेल. अशा वेळी पेशंट, गरोदर बाई किंवा औषधाची पेटी पलीकडे न्यायची तर इंजिन लावलेली बोट हाच आधार असतो. लाकडाचा डोंगा पुराच्या धारेला तोंड देऊ शकत नाही.

या बोटीचं काम वर्षातले मोजके दिवस असतं, बाकीचे महिने ती शेडमध्ये पडून राहते. बोट काढली की पहिल्यांदा नजरेत भरतो तो इंजिनाच्या खालच्या भागाचा सोललेला रंग. ‘रंगच गेलाय ना, इंजिन तर चालतंय’ असं म्हणून बहुतेक लोक तो विषय सोडून देतात. पण या ठिकाणी रंग हा त्या धातूचा रेनकोट आहे. तो फाटला की खालचं ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, आणि ऐन पुरात गिअरच्या तेलात पाणी शिरलेलं सापडतं.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय, आउटबोर्ड म्हणजे काय?

आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर आणि पंखा असं सगळं एकाच खांबावर असतं आणि तो खांब बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवतात. रेस्क्यू बोटींना हेच लावतात. आपल्याकडे त्याला सरळ ओबीएम म्हणतात. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत बसतं आणि फक्त गिअर-पंख्याचा ‘पाय’ मागून बाहेर येतो. ही रचना १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने बाजारात आणली. हौशी स्पीडबोटींमध्ये ती जास्त दिसते.

रंगाच्या बाबतीत दोन्ही सारखेच. पाण्यात बुडणारा पाय दोन्हीकडे ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. त्यामुळे खाली सांगितलेलं बहुतेक सगळं दोघांना लागू आहे. फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे.

ॲल्युमिनियमवर रंग का बसत नाही?

ॲल्युमिनियम घासलं की काही क्षणांतच त्यावर ऑक्साईडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर पारदर्शक असतो, गंजासारखा लाल दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं धातू स्वच्छ आहे. ताजा थर पातळ आणि घट्ट असतो. पण ओलाव्यात दिवस गेले की तो जाड आणि भुसभुशीत होतो, पांढरी पूड दिसायला लागते. या पुडीवर कितीही महागडा रंग मारा, तो पुडीला चिकटेल, धातूला नाही. पहिल्या पावसाळ्यातच पापडासारखा निघेल. (तुमच्या फोनची ॲल्युमिनियमची फ्रेम लवकर खराब होत नाही, कारण कारखान्यात तिच्यावर विजेच्या मदतीने मुद्दाम जाड आणि कठीण ऑक्साईड चढवलेला असतो. त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. बोटीच्या पायावर हे काम घरी होत नाही.)

दुसरी अडचण प्रायमरची. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘प्रायमर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर रेड ऑक्साईड येतो. तो लोखंडाच्या गेट-खिडक्यांसाठी चांगला आहे. पाण्यात बुडणाऱ्या उघड्या ॲल्युमिनियमवर तो मारू नका.

रंगाआधी तेल बघा

ब्रश हातात घेण्याआधी गिअरकेसच्या खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल बाहेर काढा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे सील गेलं आहे. अशा वेळी रंगकाम थांबवा आणि आधी मेकॅनिकला दाखवा. पंखा काढून त्याच्या मागे नायलॉनची गळाची दोरी अडकली आहे का तेही पाहा. ही दोरी गुंडाळत गुंडाळत सील कापते, आणि ज्या नदीत मासेमारी चालते तिथे ती हमखास सापडते.

मग फोनचा टॉर्च लावा आणि प्रकाश तिरका, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर पाडा. समोरून न दिसणारे फोड आणि खड्डे सावलीमुळे लगेच दिसतात. प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवा, कुठला पार्ट कसा बसवायचा हे नंतर त्यावरूनच कळतं.

खरं काम: घासणं

रंग किती वर्षं टिकेल हे इथे ठरतं. आधी साबणाच्या पाण्याने चिखल धुवा, मग थिनर किंवा डीग्रीझरने तेलकटपणा काढा. हा क्रम उलटा करू नका. तेल न काढता घासलं तर पॉलिश पेपर ते ग्रीस धातूच्या ओरखड्यांत आणखी खोल भरतो.

जिथे पांढरी पूड आहे तिथे ८० नंबरचा पेपर, बाकी ठिकाणी १२० ते १८० नंबर. घट्ट बसलेला जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही. त्याच्या कडा घासून उतरत्या करा, बोट फिरवलं तर पायरी लागायला नको. साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नेमक्या त्याच ठिकाणी पुन्हा गंज सुरू होतो. पितळी ब्रशही नको. भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी चालेल, पण नवी घ्या, स्वयंपाकघरातली नको.

जुन्या इंजिनावर सर्वात खाली पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर सावध व्हा. तो झिंक क्रोमेट असू शकतो आणि त्याची धूळ कॅन्सरला कारण ठरू शकते. असा थर कोरडा घासू नका, वॉटर पेपरने ओलाच घासा आणि मास्क लावा.

घासून झाल्यावर एक फुकटची टेस्ट आहे. स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर धातू स्वच्छ आहे. कुठे थेंब-थेंब गोळा झाले तर तिथे अजून तेल आहे, परत पुसा. ही टेस्ट बरेच लोक टाळतात आणि सहा महिन्यांनी त्याच जागचा रंग निघतो.

प्रायमर, पुट्टी, रंग

पाणी पूर्ण सुकल्यावर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर लावा. पुन्हा पूड जमायला वेळच द्यायचा नाही. गाड्यांच्या पेंटिंगमध्ये वापरतात तो ॲसिडवाला वॉश प्रायमर ॲल्युमिनियमला छान पकडतो, पण त्याच्यावर एपॉक्सी चालेलच असं नाही. काही कंपन्या चालतो म्हणतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. म्हणून दोन्ही डबे एकाच कंपनीचे घ्या आणि त्यांच्या वेबसाइटवरची टेक्निकल डेटा शीट फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. भामरागडला पोचल्यावर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

खड्डे भरायचे असतील तर प्रायमरच्या पहिल्या थरानंतर एपॉक्सीची पुट्टी भरा. गॅरेजमधली गाडीची पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, बुडणाऱ्या भागाला ती नको. पुट्टी घासून सपाट केली की प्रायमरचा दुसरा थर, मग ३२० नंबरने हलकं घासणं, आणि शेवटी दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग, पातळ दोन-तीन थरांत. ‘एपॉक्सी मजबूत आहे ना, मग वरचा रंग कशाला?’ असं विचारतात. कारण उन्हात एपॉक्सी खडूसारखा पांढुरका पडतो. पॉलियुरेथेन ऊन सहन करतो.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे गनने मारताना ते श्वासात गेलं तर दमा कायमचा मागे लागू शकतो, आणि कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर नसेल तर स्प्रे करूच नका. उघड्या हवेत, हातमोजे घालून, चांगल्या ब्रशने किंवा छोट्या फोम रोलरने लावा. फिनिश थोडी कमी चकचकीत येईल, पण तेवढंच टिकेल.

कुठे रंग लागता कामा नये

गिअरकेसवर करड्या रंगाचे, बोल्टने बसवलेले धातूचे तुकडे असतात, त्यांना ॲनोड म्हणतात. त्यांचं कामच आहे आधी स्वतः झिजणं आणि पायाचं ॲल्युमिनियम वाचवणं. दिसायला वाईट म्हणून त्यांनाही रंग मारला तर ते बंद पडल्यासारखेच, आणि झीज गिअरकेसवर येते. ॲनोड काढून ठेवा आणि ते जिथे बसतात ती जागाही मास्किंग टेपने झाका. तिथे धातूला धातू लागायला हवा.

ॲनोड पाण्यानुसार बदलतो हे कमी जणांना माहीत असतं. समुद्रात झिंक किंवा ॲल्युमिनियम, खाडीत ॲल्युमिनियम, आणि नदी-तलावाच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि तो काम करेनासा होतो. उलट मॅग्नेशियम समुद्रात नेलं तर झपाट्याने संपतं आणि रंगावर फोडही आणू शकतं.

पाणी आत घेणारी जाळी, थंडाव्याचं पाणी बाहेर टाकणारं छोटं भोक, पंख्याचा शाफ्ट आणि अर्थिंगच्या वायरी हेही झाका. जाळी रंगाने बुजली तर इंजिन तापून बंद पडेल. स्टर्नड्राइव्ह असेल तर रबरी बेलो आणि पाय वर-खाली करणारे चकचकीत रॉडही झाका.

शेवाळ आणि शिंपले न बसणारा अँटीफाउलिंग रंग भामरागडला लागत नाही, कारण तिथे बोट काम झालं की पाण्याबाहेर येते. मालवण-अलिबागकडे बोट महिनोन्‌महिने पाण्यात उभी असेल तर लागतो. पण त्यातले बरेच रंग तांब्याचे असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात जवळ आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी, तांबं नसलेला’ असं बघूनच घ्या.

कधी रंगवायचं?

जूनमध्ये आठवण येते, तोवर उशीर झालेला असतो. हवेत ओलावा असतो आणि हा रंग पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. धातू त्याहून तापतो, कालवलेला रंग डब्यातच घट्ट होतो आणि ब्रशच्या रेषा तशाच राहतात. फेब्रुवारी-मार्च बरा.

तेव्हाही भल्या सकाळी सुरू करू नका, जंगलातलं दव धातूवर बसलेलं असतं. हवामानाच्या ॲपमध्ये ‘ड्यू पॉइंट’ असतो तो पाहा. धातूचं तापमान त्यापेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. साधारण नऊ-दहा वाजता, सावलीत, दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करा. दोन डब्यांचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका, खुणा असलेलं मोजमापाचं भांडं वापरा. ‘लवकर वाळावं’ म्हणून हार्डनर जास्त टाकला तर रंग ठिसूळ होतो.

पुरानंतर

समुद्रात रंगाचा शत्रू मीठ, तर पर्लकोटेच्या गढूळ पाण्यात वाळू आणि वाहून आलेली लाकडं. पायाची पुढची धार आणि पंख्याखालचा पातळ पंजा आधी खरवडला जातो, कितीही चांगला रंग असला तरी. म्हणून त्या दोन जागांना एक थर जास्त द्या आणि उरलेला प्रायमर व रंग झाकण घट्ट लावून ठेवा. हार्डनरला ओलावा लागला तर तो फुकट जातो.

पूर ओसरला की इंजिनाचं पाणी फिरण्याचे मार्ग स्वच्छ पाण्याने धुवा. इंजिन उभं ठेवा, आडवं नको, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल. मग टॉर्च तिरका धरून पुन्हा एकदा बघा. जिथे चमकदार धातू दिसेल तिथे त्याच आठवड्यात घासून प्रायमर लावा. नखाएवढ्या जागेला दहा मिनिटं लागतात. तीच जागा फेब्रुवारीपर्यंत तशीच ठेवली तर ओलावा शेजारच्या रंगाखाली शिरतो आणि मग तळहाताएवढा रंग काढावा लागतो.