ट्राउट आला, खुद्री गेली

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मासा माशीला भुलतो, हे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण ती माशी खरी नसावी, रेशमाच्या दोऱ्याने आणि कोंबड्याच्या पिसाने गळावर बांधलेली असावी, पाण्यात बुडू न देता तिला तरंगत माशाच्या तोंडापर्यंत न्यावे, हा खास इंग्रजांचा छंद. ‘ड्राय फ्लाय’, म्हणजे कोरडी माशी, हे त्याचे नाव. फ्रेडरिक हॅलफर्ड याने १८८६ साली अशा तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर पुस्तक लिहिले आणि दक्षिण इंग्लंडातल्या टेस्ट, इचन या नद्यांच्या काठी या छंदाचे अक्षरशः सोवळे तयार झाले. मासा वर येऊन खरी माशी टिपताना दिसला, तरच गळ टाकायचा. तोही प्रवाहाच्या वरच्या दिशेने. बुडणारी माशी वापरली की विटाळ झाला! स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली पाण्याखालच्या माशीची बाजू मांडणारे पुस्तक काढले, तेव्हा या मंडळींत झालेला वाद आपल्याकडच्या एखाद्या धर्मसभेला शोभला असता.

या सोवळ्याच्या केंद्रस्थानी असलेला मासा म्हणजे ट्राउट. टेस्ट आणि इचन या चुनखडीच्या टेकड्यांतल्या झऱ्यांवर वाहणाऱ्या नद्या. झऱ्याचे पाणी उन्हाळा असो की हिवाळा, साधारण दहा-अकरा अंशांचे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही नदी गार, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाण्यातून एक दिवसाच्या आयुष्याच्या माश्यांचे थवे उडतात. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तो खाणे सोडतो. पंचविसाच्या आसपास त्याच्या जिवाशीच गाठ.

आता आपली गोदावरी घ्या. ब्रह्मगिरीवर उगम पावली तरी ही बर्फाची नदी नव्हे, पावसाची नदी. श्रावणात दुतोंड्या मारुतीला बुडवणारी गोदा वैशाखात धरणातून पाणी सोडले तरच वाहताना दिसते. धरणे नव्हती त्या काळी उन्हाळ्यात तिचे डोह तेवढे उरत, आणि चाळिशीला टेकणाऱ्या नाशिकच्या उन्हात ते कोमट होत. देवळालीच्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट पाहत पडलेल्या गोऱ्या शिपायाला दारणेच्या काठी ट्राउट मिळणे कालत्रयी शक्य नव्हते. मिळाला असता तो बोटभर लांबीचा, चांदीसारखा चकाकणारा, पाण्याच्या पृष्ठभागावर किडे टिपणारा मासा. आपण ज्याला अळकूट म्हणतो, त्याच्या जातकुळीतला. मद्रास इलाख्यात नोकरी केलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. त्यात अशा चिमुकल्या चिलव्यांना इवल्याशा माशीवर पकडण्याचीही माहिती आहे. मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ झालेला साहेब काय काय करील, सांगता येत नाही.

साहेबाने मग दोन मार्ग काढले. एक, ट्राउटला इकडे आणायचे. दुसरा, इथलाच एखादा मासा ट्राउटच्या जागी बसवायचा.

पहिला मार्ग वाटतो तितका वेडगळ नव्हता. थंडीत ट्राउटची अंडी फुटायला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणजे अंडी गार ठेवता आली, तर बोटीचा प्रवास त्या मुदतीत बसतो. १८६४ साली ‘नॉरफोक’ या जहाजातून शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून अंडी थेट टास्मानियाला पोहोचली. हिंदुस्थानात नीलगिरीवर फ्रान्सिस डे याने त्याच्या आदल्याच वर्षी केलेला प्रयत्न फसला होता. काश्मीरला १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली पुन्हा स्कॉटलंडहून माल आला, आणि तो जगला. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलने या कामात पुढाकार घेतला होता. पुढल्या दशकात नीलगिरीवर विल्सनने अ‍ॅव्हलांच इथे उबवणी केंद्र उभारले. कुलूच्या खोऱ्यातही ट्राउट रुजला. आज लिद्दरच्या काठी उन्हाळ्यात माशी टाकणारा पर्यटक ज्या माशाच्या मागे असतो, तो एक विलायती पाहुणा आहे. त्या नद्यांत मूळचे मासे होतेच. पाहुणा आल्यावर त्यांचे काय झाले, याचा हिशेब त्या काळी कुणी फारसा मांडला नाही.

दुसरा मार्ग दख्खनच्या जास्त जवळचा. इथे कर्नल विल्यम हेन्री साइक्सचे नाव घ्यावे लागते. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. त्याने भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांतले मासे जमवले आणि विलायतेला परतल्यावर त्यांची शास्त्रीय वर्णने छापली. नव्या जातींना नावे देताना काही ठिकाणी त्याने आपल्या मित्रांची नावे दिली, पण बऱ्याच ठिकाणी कोळ्या-भोयांच्या तोंडचीच नावे लॅटिनच्या शेजारी बसवली. म्हणून आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत शिंगटीचे ‘सींगटी’, मळ्याचे ‘मुल्या’, अळकुटाचे ‘अलकूटी’ आणि कोळशीचे ‘कोलुस’ दिसते. मराठी शब्दांना इतका दूरचा प्रवास क्वचितच घडला असेल, आणि ज्यांच्याकडून ते घेतले त्या कोळ्यांपैकी एकाचेही नाव मागे राहिले नाही.

याच यादीत एक ‘खुद्री’ होता. पुण्याच्या खाली, मुळा-मुठेत मिळालेला. मोठ्या खवल्यांचा, ताकदवान मासा. आपल्याकडे कुठे खडची, तर हिंदीत महसीर. गळाला लागल्यावर महसीर जी ओढ देतो, तिच्यापुढे विलायतेचा सामनही फिका, असा निर्वाळा टॉमसने दिला आणि ट्राउट नसलेल्या मुलखातल्या साहेबांना आपला मासा सापडला. म्हैसूर भागात १९४६ साली व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर पकडला, तो अजूनही विक्रम मानतात. तो मासा मात्र आपला खुद्री नव्हे. कावेरीच्या खोऱ्यातला कुबडाचा, केशरी परांचा महसीर, ही वेगळी जात.

धरणे, सुरुंग आणि बारीक आसाची जाळी यांनी स्वातंत्र्यानंतर महसीर सगळीकडेच घटू लागला. तेव्हा लोणावळ्यात टाटा वीज कंपनीच्या तलावांवर सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास खुद्रीच्या कृत्रिम प्रजननाचे काम यशस्वी केले. पावसाळ्यात अंड्यांवर आलेली मादी धरायची, पोट हलके दाबून अंडी काढायची, त्यावर नराचे रेत घालायचे. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. शेवाळ-बर्फाच्या जागी ओला कापूस वापरून ही अंडी विमानाने पाठवता येतात, हेही कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले. माझ्या मते, महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या इतिहासात या कामाला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही.

लोणावळ्याची पिल्ले मग राज्याबाहेर निघाली. कर्नाटकात कावेरीवर गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या शौकिनांची शिबिरे चालत. नदीत महसीर वाढावा म्हणून तिथे खुद्रीची पिल्ले सोडण्यात आली. हेतू चांगला होता. सोडणाऱ्यांच्या लेखी महसीर तो महसीर! कुबडाच्या माशाला तेव्हा नीट शास्त्रीय नावही नव्हते.

पुढे काय घडले, ते शौकिनांच्याच वह्यांनी सांगितले. एका शिबिरात कुणी कुठल्या दिवशी किती वजनाचा, कसला मासा धरला याची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा दिसले, की निळ्या परांचा खुद्री वाढत गेला आणि कुबडाचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. वाळूउपसा, सुरुंग, आटलेले पाणी यांचाही त्यात वाटा असणारच. पण पाहुण्याने मोकळी झालेली जागा पटकावली, हे नाकारता येत नाही. २०१८ मध्ये कुबडाच्या महसीराची ओळख ‘टॉर रेमादेवी’ या नावाने पक्की झाली आणि त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. नाव मिळाले आणि मृत्युशय्येची पाटीही लागली. खुद्री त्याच यादीत ‘संकटग्रस्त’ होता, तो त्या वर्षी धोक्याबाहेरच्या गटात गेला.

हिमालयातल्या ट्राउटचा दोष आपण इंग्रजांवर टाकून मोकळे होतो. कावेरीत गेलेला मासा मात्र आपल्या मुळा-मुठेचा, त्याचे नाव आपल्या कोळ्यांचे, त्याला वाढवण्याची विद्या आपल्या लोणावळ्याची.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर देवीचे, म्हणून गावकरी त्यांना धरत नाहीत. काठावर कुणी आले, मूठभर खाद्य पाण्यावर टाकले, की हातभर लांबीचे मासे वर येतात, पृष्ठभागावरचे ते अलगद टिपतात आणि पुन्हा खाली जातात.