दस्ता, रायफलचा

रायफल खांद्याशी टेकवून स्थिर धरण्यासाठी असलेला तिचा मागील भाग. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर नेमबाजाच्या हाताच्या लांबीशी जुळणे महत्त्वाचे असते. ते न जुळल्यास मान अवघडते, नेम धरताना डोळा योग्य जागी येत नाही आणि धक्का नीट पेलला जात नाही. म्हणूनच ब्रिटिश बनावटीच्या ली-एनफील्ड रायफलीचे लाकडी दस्ते वेगवेगळ्या लांबींत मिळत. भारतात इशापूर येथेही तयार झालेल्या या रायफलीच्या दस्त्यात पितळी झाकणाआड तेलाची कुपी आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवलेली असे.

अमेरिकेतील एआर-१५ प्रकारच्या रायफलींत मूळ भाग काढून दुसऱ्या उत्पादकाचे भाग बसवणे सोपे असते. त्यांची मूठ एकाच स्क्रूने बसते. पुढे-मागे सरकणारा दस्ता मागील नळीवर चढतो. याच नळीत धक्क्याची स्प्रिंग असते. नळीचा बाह्य व्यास प्रामुख्याने दोन मापांचा, सुमारे २९.२ मिमी. व २९.७ मिमी., असतो. दस्ता नळीच्या मापाचा नसल्यास तो डगमगतो किंवा बसतच नाही. पोकळ मुठीत वा दस्त्यातील कप्प्यात बॅटऱ्या, तेल आणि सफाईचे साहित्य मावते; मात्र त्यामुळे वजन वाढते व तोल बदलतो. लाकूड दमटपणाने फुगते, म्हणून तंतुमिश्रित प्लास्टिकचे दस्ते रूढ झाले.