संगणकाला पाणी कशाला?

गेल्या रविवारी अण्णांचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर नळ्या, तांब्याचे ठोकळे, छोटा पंप आणि एक रेडिएटर मांडून बसलो होतो. कॅमेऱ्यासमोर तो पसारा बघून त्यांनी विचारलं, "हे काय मांडलंस? नळ दुरुस्तीचा धंदा काढलास काय अमेरिकेत?"

म्हटलं, "नाही अण्णा, संगणक गार ठेवायला पाण्याची व्यवस्था करतोय."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "पाणी? किती लागतं?"

हा प्रश्न फक्त लातूरचा माणूसच पहिला विचारू शकतो. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत अण्णा आंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालत. त्यामुळे "एक लिटर" हे माझं उत्तर खरं असूनही मला अपुरं वाटलं. पुरं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

आधी साधी गोष्ट. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पाणी ती उष्णता नाहीशी करत नाही, फक्त उचलून दुसरीकडे नेतं. मात्र हमाल म्हणून ते हवेपेक्षा फार तगडं आहे: तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. माझ्या संगणकाची उष्णता साधारण ५५० वॅट. मिनिटाला चार लिटर पाणी फिरवलं तर ते सगळं ओझं घेऊनही पाणी जेमतेम दोन अंशांनी तापतं. म्हणूनच पाणी आधी कोणत्या चिपवरून न्यायचं यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. डोकं चालवायचं ते रेडिएटर किती मोठा घ्यायचा यावर.

फिलाडेल्फियातला एनिअ‍ॅक १९४६ मध्ये जगासमोर आला तेव्हा त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. तो गार ठेवला जाई मोठमोठ्या पंख्यांनी. पसारा एका दालनभर असल्याने हवेवर भागलं.

पुढे यंत्रं आकसत गेली. मी राहतो त्या मिनिअ‍ॅपोलिसपासून दीड तासावर, विस्कॉन्सिनमध्ये, चिपेवा फॉल्स नावाचं गाव आहे. सीमोर क्रे तिथलाच. विजेला तारेतून जायलाही वेळ लागतो, म्हणून तारा आखूड हव्यात, म्हणून सगळं दाटीवाटीने बसवायला हवं, हा त्याचा हिशोब. १९७६ मध्ये लॉस अलामॉसला गेलेल्या पहिल्या क्रे-१ मध्ये कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती. यंत्राचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा, भोवती बसायला गादीचा कट्टा. पण दाटीवाटी झाली की उष्णताही एका जागी कोंडते. १०० किलोवॅटच्या वरची ही उष्णता काढायला उभ्या खांबांमधल्या नळ्यांतून फ्रिऑन खेळवलं होतं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर मंडळं थेट फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवली. त्या द्रवाची उष्णता मात्र अखेर इमारतीतल्या गार पाण्याकडेच सोपवावी लागे. क्रे स्वतःला गमतीने प्लंबर म्हणवून घेत असे, असं सांगतात. माझं टेबल बघता मला ते पटतं.

त्याच सुमारास, १९८० मध्ये, आयबीएमने ३०८१ हा मोठा संगणक आणला. त्यात शंभराहून अधिक चिप तळहाताएवढ्या चिनी मातीच्या फरशीवर बसवलेल्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक दट्ट्या, मोकळ्या जागेत हेलियम, आणि वर पाणी वाहणारी पट्टी. यांत्रिकी अभियंत्याने हात जोडावेत असं काम!

आणि तरीही हे सगळं एके दिवशी मोडीत निघालं. तेव्हाचे बायपोलर ट्रान्झिस्टर नुसते बसून असले तरी वीज खात. त्यांची जागा घेणारं सीमॉस तंत्रज्ञान मुख्यतः काम करतानाच वीज खाई. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आयबीएमचे मोठे संगणकही पंख्यावर भागवू लागले आणि नळ्या गेल्या. मग सीमॉसचाही वेग वाढवत नेला. २००४ पर्यंत घरगुती पेंटियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने कारखान्यातच द्रव भरलेला पॉवर मॅक जी५ विकायला काढला. हौशी मंडळी तर आधीच मोटारींच्या भंगारात उतरली होती. १९७७ च्या पॉन्टियाक बॉनव्हिलचा हीटर काढून संगणकाला जोडणं, सोबत मत्स्यालयाचा पंप, हा त्यांचा आवडता उद्योग. माझा रेडिएटर त्याच घराण्यातला.

थोडक्यात, एखादं तंत्र आपल्या मर्यादेपाशी येऊन धापा टाकू लागलं की पाणी येतं. आज ते पुन्हा आलंय. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ७२ चिपच्या एका कपाटाला सुमारे १२० किलोवॅट लागतात. दालनभर एनिअ‍ॅकची उष्णता आता जवळजवळ एका कपाटात!

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. चिपपाशी पाणी खर्च होत नाही. तेच ते पाणी फिरत राहतं, माझ्याकडेही आणि मोठ्या केंद्रातही. खर्च होतो तो दुसऱ्या टोकाला, इमारतीबाहेर. माझा रेडिएटर उष्णता खोलीतल्या हवेला देतो. मोठ्या केंद्रांत मात्र बहुधा शीतमनोरे असतात, आणि ते आपल्या माठासारखंच काम करतात: थोडं पाणी वाफ करून उरलेलं गार करायचं. एक मेगावॅट उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने काढायची तर दिवसाला सुमारे ३६,००० लिटर पाणी हवेत जातं. मी कागदावर हिशोब मांडला. मिरजेहून आलेली ती पाच लाख लिटरची गाडी चौदा मेगावॅटचं केंद्र एका दिवसात उडवून टाकेल. ओक रिजचा फ्रंटिअर २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला तेव्हा एकटाच सुमारे २१ मेगावॅट घेत होता.

हे टाळता येतं. पाणी गारच हवं हा हट्ट सोडायचा. २०१० मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये आयबीएमने ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर संगणक चालवून दाखवला आणि त्याच्या उष्णतेवर इमारत उबदार ठेवली. चिपला तेवढंही पाणी गारच वाटतं. आणि इतकं गरम पाणी लातूरच्या ४२ अंशांच्या हवेतही साध्या रेडिएटरने निवतं, एक थेंब वाफ न करता. पंख्यांना वीज थोडी जास्त लागते, इतकंच. पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म'मध्येही द्रव थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत नेला आहे. म्हणजे अर्धी वाट आपल्याकडेही चालून झाली आहे. उरलेली अर्धी छतावर आहे, आणि तिथे काय बसवायचं हे केंद्र उभं राहण्याआधी ठरवावं लागतं.

हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझं एक लिटर खरंच एक लिटरच?"

"हो अण्णा. वर्षाने बदललं तरी दोन."

"मग बदलशील तेव्हा जुनं झाडाला घाल."

त्यात गंजरोधक रसायन असतं, झाडाला चालणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.