723 क्रमांकाची खुंटी

थळच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली आहे. तुम्ही सुरूच्या सावलीत उभे आहात. समोर उंदेरी, तिच्यापलीकडे खांदेरी. वाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास. पाठीमागे खतकारखान्याचे मनोरे. आता समुद्राकडे पाठ करा आणि गावाच्या दिशेने चालू लागा. चालता चालता मनोऱ्यांवर नजर ठेवा. एक मनोरा दिसेनासा होतो, मग दुसरा, मग कुंपणाची भिंत. पायाखालचं डांबर जाऊन तांबडी वाट येते आणि जिथे कारखाना होता तिथे भाताची खाचरं पसरतात. साल 1965. जून लागला आहे. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे, ‘रायगड’ व्हायला सोळा वर्षं अवकाश आहे.

एका घराच्या पडवीत तुम्ही टेकता. कोपऱ्यात शेणाने सारवलेली कणगी. म्हातारी तिच्यातून सूपभर भात काढते, पाखडते, मूठभर दाणे तुमच्या तळहातावर ठेवते. दाणा जाड, सोललात तर आत तांदूळ लालसर.

“हे खाजणातलं, बाला. खारं पानी सोसतं.”

तिच्याकडे तीन प्रकारचं बियाणं आहे. वरकस उंचवट्यासाठी हळवं, मधल्या खाचरांसाठी निमगरवं, पाणी धरणाऱ्या सखल जमिनीसाठी गरवं. खाजणासाठी हे लाल, वेगळं. कुठलं कुठे पेरायचं हे तिला कुणी लिहून दिलेलं नाही. दर वर्षी कापणीआधी शेतात फिरून चांगल्या लोंब्या तिनेच निवडल्या, तिच्याआधी सासूने. याला मी चाचणीच म्हणेन. फक्त तिचा निकाल एका बांधापलीकडे जात नव्हता.

उंबऱ्यावर म्हातारा बसला आहे. कूळकायद्यातल्या 1 एप्रिल 1957 या तारखेने तो कसत असलेल्या जमिनीचा मालक झाला. त्याच्या तरुणपणी इथून आत, खारेपाटातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी खोतांची जमीन कसायचं नाकारलं होतं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ला सुरू झालेला तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं ओस ठेवून लोक लाकूडफाटा विकून जगले, पण मागे हटले नाहीत. अशा माणसापुढे नव्या बियाण्याची पिशवी ठेवून ‘पेरा, फायदा होईल’ एवढंच म्हटलं, तर तो काय विचारेल?

“बुडालं तर वरीसभर खायचं काय?”

हा प्रश्न ध्यानात ठेवा. पुढचा सगळा प्रवास त्याच्या उत्तरासाठी आहे.

देशात धान्य कमी आहे. त्याच वर्षी पंतप्रधान शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळी एक जेवण सोडायचं आवाहन केलं आणि घरोघरी ते पाळलं गेलं. आणि बाहेरून एक वेगळाच भात येतो आहे. तैवानचा ‘तायचुंग नेटिव्ह 1’. कमरेएवढाही वाढत नाही. आपले उंच भात खत घातलं की माजतात आणि श्रावणातल्या एका सरीत लोळतात. हा ठेंगू भात ताठ उभा राहतो आणि घातलेलं खत दाण्यात उतरवतो. फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेतून पुढच्या वर्षी ‘आयआर 8’ बाहेर पडेल, त्याचीही ठेवण अशीच. पण तायचुंगच्या पानांवर कडाकरपा उतरला की खाचरं वाळल्यासारखी दिसतात. एका ठिकाणी कोठार भरणारं बियाणं दुसऱ्या ठिकाणी रोगाने बसतं. असं बियाणं घाईने देशभर वाटणं म्हणजे लाखो पडव्यांत तो म्हाताऱ्याचा प्रश्न नेऊन ठेवणं.

म्हणून 1965 मध्ये हैदराबादला अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू होतो. डॉ. एस. व्ही. एस. शास्त्री समन्वयक, रॉकफेलर फाउंडेशनचे वेन फ्रीमन त्यांच्या जोडीला. मक्याच्या अशाच प्रकल्पाने ही वाट 1957 मध्येच पाडून दिली होती. कल्पना सांगायला सोपी: एकच संच, तेच वाण, त्याच पद्धतीने, देशातल्या वेगवेगळ्या हवामानांत, एकाच हंगामात लावायचे. नाव कुणाचंही असो, आकडे एकत्र मांडायचे. राबवायला ती फार अवघड होती. तोवर प्रत्येक प्रांताचं केंद्र आपापला वाण आपल्याच शेतावर तोलत होतं आणि स्वतःच शाबासकी देत होतं.

आता थळहून निघा. एसटीने पेण, तिथून खोपोली, खोपोलीहून गाडीने कर्जत. साल 1967, ऑक्टोबर, भात पिकून सोनेरी झालेला. मी तुम्हाला कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या बांधावर आणतो, कारण कुलाबा जिल्ह्यात भाताच्या चाचणीची रीत पाहायची तर ती इथे.

चप्पल काढा, बांध निसरडा आहे. खाचराचे सारख्या मापाचे वाफे पाडलेत. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक लाकडी खुंटी आणि तिच्यावर फक्त आकडा. नाव नाही, गाव नाही, पैदासकाराची ओळख नाही. देशभरच्या चाचणीत शिरणाऱ्या वाणाला असा क्रमांक मिळतो. समजा, यातल्या एका खुंटीवर 723 लिहिलं आहे. या वाणाचे आईबाप तायचुंग नेटिव्ह आणि ओडिशाचा उंच टी 141. त्याचं पुढे काय होणार हे बांधावरच्या कुणालाच आज माहीत नाही. माहीत असायलाही नको.

थोडं पुढे चला. तोच 723 पुन्हा दिसतो, पण आता त्याचे शेजारी बदललेत. आणखी पुढे तिसऱ्यांदा, पुन्हा वेगळ्या जागी. खाचराचा एक कोपरा सुपीक असतो, एका कडेला पाणी साचतं, एका बाजूला खेकडे बांध पोखरतात. नशिबाने चांगला कोपरा मिळालेला वाण जिंकू नये म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या आहेत. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात ही रीत बसवली. आपल्या मातीत ती रुजवणाऱ्यांत दोन मराठी माणसं आहेत. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. शेती-संशोधनात काम करणाऱ्यांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरचं त्यांचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1954 मध्ये काढलं. त्यानंतर देशात शेतीचा प्रयोग शिकलेल्या पिढ्यांच्या तोंडी ‘पानसे-सुखात्मे’ हे एकच नाव झालं. हरितक्रांतीच्या गोष्टीत आपण संकरकारांची नावं घेतो आणि या दोघांना विसरतो. मला हे फार खटकतं. ‘हा फरक वाणाचा की जमिनीचा’ हे ओळखायची रीत नसती, तर त्या वाफ्यांतून नुसती मतं निघाली असती.

कापणी सुरू होते. वाफ्याच्या कडेच्या ओळी आधी कापून बाजूला टाकल्या जातात. कडेच्या रोपांना ऊन आणि वारा जास्त, त्यांचं पीक खोटं बोलतं. आतल्या ओळींची झोडणी वेगळी, पोतं वेगळं, वजन वेगळं. एक कारकून वहीत लिहितो आहे: निम्म्या लोंब्या किती दिवसांनी बाहेर पडल्या, रोपाची उंची, चौरस मीटरमध्ये किती फुटवे, कितपत लोळलं, करपा किती, खोडकिडा किती. आणि शेजारी उभा असतो तुलनेचा वाण, लोकांच्या शेतात आज असलेला. नव्याला त्याला हरवायचं आहे, आणि एकाच वर्षी नव्हे, एकाच गावी नव्हे.

त्या वहीत डोकावून पाहा. बरेच वाण खोडलेले दिसतील. एक उशिरा निसवला, एकाचा तांदूळ कांडताना तुटला. कुणाच्या तीन-चार वर्षांच्या कष्टावर एका रेघेने फुली पडते. या व्यवस्थेची खरी कमाई मी या फुल्यांत मोजतो. हे बियाणं शेतात जाऊन बुडायचं ते इथेच, सरकारी खाचरात बुडालं.

723 टिकला. 1968 मध्ये तो ‘जया’ या नावाने प्रसारित झाला. मग तो कोकणात आणि गोव्यात असा मुरला की आज कुणाला विचारलंत तर आपल्याच आजोबांचं बी म्हणून सांगतील. तोवर 1966 चा बियाणे कायदा संसदेने केला होता, ऑक्टोबर 1969 पासून तो लागू झाला. चाचणीतून उतरलेला वाण अधिसूचित करायचा, त्याच्या पिशवीला उगवणीची आणि शुद्धतेची हमी बांधायची, हे आता कायद्याचं काम झालं.

म्हातारीच्या पडवीत परत या. आता 1970 च्या पुढची सालं. तिच्या मुलाने मधल्या खाचरात जया लावला आहे, पीक भरघोस आहे. तिची एकच तक्रार: पेंढा आखूड, गुरांना पुरत नाही. वहीत पेंढ्याचा रकाना पुरेशा जाड अक्षरात नव्हता, हे तिचं म्हणणं खरं आहे.

आणि खाजण? तिकडे अजून लाल भातच आहे. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन हाताशी लागत नाही. तिथे ठेंगू रोप कंबरभर पाण्यात गुदमरतं. हैदराबादच्या कागदावर देशाची सरासरी उत्तम आली, तरी थळच्या खाजणाला त्या सरासरीत जागा नव्हती. ते काम पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने केलं. याच किनाऱ्याच्या लाल राता भातांतून ‘भुरा राता 4-10’ आणि ‘काळा राता 1-24’ निवडले गेले, पुढे पनवेल 1, 2, 3 आले. कालांतराने देशाच्या चाचण्यांतही किनारी खार जमिनींसाठी वेगळी चाचणी आली. उशिरा आली, पण आली.

मनोरे पुन्हा दिसू लागले आहेत. 1985. थळच्या कारखान्यातून युरिया बाहेर पडू लागतो. ठेंगू भाताने नत्राची भूक आणली, त्या भुकेने कारखाना आणला आणि कारखाना भाताच्या जमिनीवर बसला. कर्जतच्या वाफ्यांत ज्या गुणामुळे ठेंगू रोप जिंकलं, त्याची किंमत थळच्या खाचरांनी मोजली. हा हिशेब कुठल्याच वहीत मांडला गेला नाही. तो मांडायला हवा होता.

आता तुम्ही आजच्या रस्त्यावर आहात. रोहिणी जवळ आली आहे, दुकानात पिशव्यांची थप्पी लागली आहे. भाताच्या पिशवीचं निळं लेबल उलटून वाचा: शुद्धता किमान 98 टक्के, उगवण किमान 80 टक्के. मग दुकानदाराला विचारा, हा वाण खार जमिनीत कुठे आणि किती वर्षं लावून पाहिला आहे? उत्तर मिळालं नाही, तर अख्खं खाचर त्याच्या हवाली करू नका. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यात लावा, शेजारच्या वाफ्यात घरचं बी लावा, कडेच्या ओळी सोडून कापा आणि दोन्ही पोती वेगवेगळी तोला.